सागपाड्याचं रक्त

एस्तेर गावितला राग चटकन येतो, हे नवापूर तालुक्यातल्या तिच्या सागपाड्यात लहानथोरांना ठाऊक होतं. आश्रमशाळेत असताना डाळीत अळ्या निघाल्या, तेव्हा बाकीच्या मुली अळ्या बाजूला काढून जेवल्या आणि एस्तेर ताट उचलून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून आली. वडील दावीद तिला नेहमी म्हणायचे, "पोरी, जरा दमानं घे." पण दम धरणं तिच्या स्वभावात नव्हतं.

आता तिला एकतिसावं लागलं होतं. नंदुरबारच्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवायची, भाड्याच्या खोलीत राहायची आणि पीएच.डी. करायची. विषय होता सिकलसेलची तपासणी आणि आदिवासी कुटुंबं. तो तिला शोधावा लागला नव्हता. तिची धाकटी बहीण रिना लहानपणापासून हातपाय दुखतात म्हणून रडायची. थंडी पडली की गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायची. लोक म्हणायचे, पोरगी कामचुकार आहे. भगताकडे नेलं, चर्चमध्ये प्रार्थना झाल्या. शेवटी सतराव्या वर्षी भाताच्या लावणीत ती चिखलातच कोसळली, आणि नवापूरच्या दवाखान्यात पहिल्यांदा कळलं, की हा सिकलसेल आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडं आतून कुणी पिळून काढावीत तशा कळा येतात. आई आणि बाप दोघांकडून तो उतरतो. दावीद आणि आई मंगळीबाई दोघांच्याही रक्तात तो गुपचूप होता. पुढे गोळ्या सुरू झाल्या आणि रिना उभी राहिली. तिचं लग्न झालं, एक मुलगीही झाली.

एस्तेरला जिल्ह्यात पूर्वी झालेल्या आरोग्य-पाहण्यांचे अहवाल हवे होते. त्यासाठी ती कॉलेजच्या ग्रंथालयात मागच्या कपाटापाशी गेली. कपाटावर 'आदिवासी अभ्यास' अशी पट्टी होती. धुळीनं भरलेल्या अहवालांच्या मध्ये तीन चकचकीत पुस्तकं उभी होती. मुखपृष्ठावर एक भलीमोठी सुई, सुईच्या टोकाला रक्ताचा थेंब आणि थेंबात वटारलेला डोळा. नाव होतं 'सुईमागचं राज्य', भाग एक ते तीन. लेखक गोकुळ पाटील, निवृत्त अभियंता, नंदुरबार.

ती तिथंच जमिनीवर बसून चाळायला लागली आणि पाचेक मिनिटांत तिला हसू आवरेना. सिकलसेल हा रोगच नाही, असं पुस्तकाचं म्हणणं होतं. ती म्हणे सातपुड्यातल्या एका अतिप्राचीन वंशाची खूण. ती ज्यांच्या रक्तात असते ते एकशेवीस वर्षं जगतात, म्हणून परदेशी कंपन्यांना ते रक्त हवं असतं. तपासणीनंतर दवाखान्यातून निकालाचं रंगीत कार्ड देतात, त्याचा रंग म्हणजे रक्ताचा भाव. गोळ्या देतात त्या ही खूण पुसून टाकायला. आणि सातपुड्याच्या पोटातून एक बोगदा थेट समुद्रापर्यंत जातो, त्यातून रक्ताची पिंपं नेतात. बोगद्याचा नकाशाही होता. तो तापी नदीच्या वरून गेला होता की खालून, ते काढणाऱ्याला ठरवता आलेलं दिसत नव्हतं.

"सर, हे विज्ञानकथेत ठेवायचं होतं," ती ग्रंथपालांना म्हणाली.

"भेट आलेली आहेत हो," ते म्हणाले. "आत आदिवासी शब्द दिसला, लावली तिकडे."

ती हसत हसत परत पानं उलटायला लागली, आणि दुसऱ्या भागात एका पानावर तिचं बोट थांबलं. तिथं लिहिलं होतं, 'सन २००४ मध्ये नवापूर तालुक्यातील सागपाडा येथे पांढऱ्या गाडीतून आलेल्या पथकाने लहान मुलांचे रक्त काढून नेले. त्याचा अहवाल आजतागायत गावातील एकाही माणसास मिळालेला नाही.'

पुढं नेहमीचंच होतं. ते रक्त विमानानं परदेशी गेलं, तिथं त्यातून रोग तयार केला आणि तो परत आणून गावावर शिंपडला. पण ती पहिली दोन वाक्यं खरी होती.

एस्तेर तेव्हा दहा वर्षांची होती. शाळेच्या पडवीत रांग लागली होती. अंगणवाडीतली पोरंही आणली होती, त्यात पाच वर्षांची रिना होती. सुई बघून ती इतकी किंचाळली, की दोघींनी तिचे खांदे दाबून धरले. त्या दोघींपैकी एक एस्तेर होती. नंतर प्रत्येकाला बिस्किटाचा पुडा मिळाला. गाडी गेली, ती परत आलीच नाही. त्याच वेळी कुणी येऊन सांगितलं असतं, की या पोरीला हा आजार आहे, तर पुढची बारा वर्षं रिनाला कुणी कामचुकार म्हटलं नसतं.

हे तिला आजवर सुचलंच नव्हतं. कपाटाशी बसल्या बसल्या सुचलं, आणि तेही असल्या पुस्तकामुळे सुचलं. याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

पुस्तक घेऊन ती तडक तिच्या मार्गदर्शकांकडे, बागूल सरांकडे गेली. सर वाईट नव्हते. तिला या कॉलेजात तास मिळाले ते त्यांच्याच शब्दामुळे. त्यांनी चष्मा वर करून पुस्तक चाळलं आणि टेबलाच्या कडेला सरकवलं.

"हा कचरा आहे, एस्तेर. प्रबंधात याचा उल्लेखही नको. बाहेरचे परीक्षक हसतील."

"कचरा आहेच, सर. पण दोन हजार चारची पाहणी खरी आहे. मी होते त्या रांगेत."

"असेल की. तेव्हा पुष्कळ पथकं यायची. कुणाचा तरी प्रकल्प असेल."

"मग रिपोर्ट का नाही दिला?"

सर थोडे वैतागले. "अगं, संशोधनात सगळ्या सॅम्पलना कोण कळवत बसतं? आकडेवारी निघाली, पेपर झाला, की संपलं."

"सर, त्या सॅम्पलमध्ये माझी बहीण होती."

सरांनी पंख्याचा वेग वाढवला आणि पुढच्या आठवड्यातल्या परीक्षेचा विषय काढला. एस्तेर उठली. जिना उतरताना तिच्या लक्षात आलं, की पुस्तक लिहिणाऱ्याइतकाच राग तिला सरांचा आलाय.

शनिवारी ती पॅसेंजरनं नवापूरला उतरली आणि रिक्षानं रिनाच्या सासरी गेली. अंगणात तूर झोडपून पडली होती. रिना उन्हात बसली होती, पण तिचे डोळे पिवळसर दिसत होते आणि मनगटं सुजली होती.

"गोळ्या घेतेस ना?" एस्तेरनं पोचल्या पोचल्या विचारलं.

रिनानं मान वळवली. एस्तेर घरात गेली, फळीवरचा डबा काढला. गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी होती. तीन महिन्यांच्या.

रिनाचा नवरा दानियल मागच्या दारानं आत आला. ऊसतोडीला बारडोलीकडे जायच्या तयारीत होता तो. शांत माणूस, कधी आवाज चढवायचा नाही. एस्तेरच्या हातातला डबा बघून त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि तिच्यापुढे धरला. पडद्यावर त्या पुस्तकाची पानं होती, कुणीतरी फोटो काढून गटावर टाकलेली. ते सगळे घरी कोकणीत, म्हणजे कोकणा आदिवासींच्या बोलीतच बोलत होते, पण पुस्तकातली ओळ दानियलनं मराठीतच वाचून दाखवली, शाळेतल्या धड्यासारखी सावकाश. 'सागपाडा येथे पांढऱ्या गाडीतून आलेल्या पथकाने.'

"यात गावाचं नाव आहे, ताई. साल आहे. खोटं कसं असेल?"

"आणि म्हणून तू हिच्या गोळ्या बंद केल्यास?"

"त्यानं नाही, मीच बंद केल्या," रिना दारातून म्हणाली. "छोटीची तपासणी करायला दवाखान्यातल्या बाई आल्या होत्या, त्यांनाही मीच परत पाठवलं."

मग एस्तेरचा तोल गेला. तिनं डबा जमिनीवर आपटला. तू मूर्ख आहेस, मरायचंय का तुला, एवढी शिकलेली बहीण असताना मोबाइलवरच्या कचऱ्यावर विश्वास ठेवतेस, असं ती खूप काही बोलली. छोटी रडायला लागली. शेजारची माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. रिनानं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "माझं एवढं रक्त नेलं, पण त्याचं काय झालं हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही. त्या माणसानं निदान लिहिलं तरी. तू एवढी पुस्तकं वाचतेस, तू कधी विचारलंस का कुणाला?"

दानियल खाली बसून सांडलेल्या गोळ्या गोळा करत होता. न बघता म्हणाला, "रिपोर्ट दिला असता तर आम्ही हे वाचलंच नसतं, ताई."

ती जेवायलाही थांबली नाही.

सोमवारी ती नंदुरबारात गोकुळ पाटलांचं घर शोधत गेली. पुस्तकाच्या मागे पत्ता छापलेला होता. टापटीप बंगला, दारात तुळस, जिन्याखाली पुस्तकांचे गठ्ठे. सत्तरीतला गोरटेला माणूस, पांढरा लेंगा-सदरा. त्यानं हसून दार उघडलं आणि अहिराणीत म्हणाला,

"ये बेटा, ये. बैस. पुस्तक वाचीसन उनी ना? मन्हाकडे असा बराच लोके येतंस."

एस्तेरनं आपलं नाव, गाव सांगितलं. पाटलांना सगळे आप्पा म्हणत. सागपाडा ऐकून ते खूश झाले. त्या पथकाच्या गाडीचा ड्रायव्हर त्यांच्या ओळखीचा होता म्हणे, त्याच्याकडून त्यांना ती हकिकत कळली होती.

"आप्पा, तुम्ही सागपाड्याला कधी गेलात?"

"नही बेटा. जावानी काय गरज? आते समदं नेटवर सापडस."

"माझ्या बहिणीनं तुमचं वाचून गोळ्या सोडल्यात. तिचे डोळे पिवळे झालेत."

आप्पांनी खेदानं मान हलवली, पण चेहरा होता तसाच राहिला. "मी कोनले गोळ्या सोडा म्हनेल नही. मी फक्त प्रश्न इचारस. प्रश्न इचारनं गुन्हा शे का? मी काय खोटं लिखेल शे, ते दखाड मले."

एस्तेरनं पुस्तक उघडलं. बोगदा दाखवला. एकशेवीस वर्षं जगणारी माणसं दाखवली आणि म्हणाली, की आमच्या पाड्यात या आजाराची माणसं चाळिशीतही गेलीत, त्यांची नावं सांगू का? आप्पा प्रत्येक गोष्टीला "तेच तर" म्हणत गेले. माणसं चाळिशीत गेली? तेच तर, खूण पुसली ना त्यांची. बोगदा कुणी पाहिला नाही? तेच तर, कसा दिसेल. भिंतीवर डोकं आपटावं तसं तिला झालं.

तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "आवो, बीपीनी गोळी लेवानी ऱ्हायनी ना!" आणि त्या स्वतःच पाण्याचा पेला आणि कप्प्याकप्प्यांची प्लॅस्टिकची डबी घेऊन आल्या. सोमवारचा कप्पा उघडला. आप्पांनी एक पांढरी, एक गुलाबी गोळी तळहातावर घेतली, तोंडात टाकली, वर पाणी प्यायले.

एस्तेर बघत राहिली. "या गोळ्यांत काय असतं, आप्पा?"

"ते डॉक्टरले माहीत," आप्पा ओठ पुसत म्हणाले.

"त्यांनी काय पुसलं जातं, ते नाही शोधलंत कधी?"

आप्पांच्या बायकोनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि डबी घेऊन त्या आत गेल्या. आप्पांचं हसू पहिल्यांदा जरा कमी झालं, पण लगेच त्यांना वेगळंच काही सुचलं. "बेटा, तू हुशार शे. तूच लिख ना पुढली आवृत्तीले प्रस्तावना. आदिवासी पोर, त्यात पीएच.डी. करनारी. लोकेसले पटी."

एस्तेर उठून उभी राहिली. तिथं ती काय बोलली, ते तिनं नंतर कुणालाही पूर्ण सांगितलं नाही. एवढं मात्र सांगितलं, की पायऱ्या उतरताना आप्पा मागून म्हणत होते, "चहा तरी लेती जाय." आणि तो माणूस मनापासून म्हणत होता, हेच तिला सहन झालं नाही.

जानेवारीत थंडी वाढली आणि रिनाला कळा आल्या. दानियल उसाच्या तळावरून मिळेल त्या गाडीनं परत आला. नवापूरहून तिला नंदुरबारला हलवलं, रक्त चढवलं. एस्तेर तिच्या उशाशी बसायची. कळ आली की रिना पलंगाची कड धरून दात आवळायची, आणि एस्तेरला तिला शिव्या दिलेल्या आठवायच्या. पुस्तकाबद्दल दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत. घरी सोडायच्या दिवशी नर्सनं गोळ्यांचं पाकीट दिलं. रिनानं ते पिशवीत ठेवलं आणि म्हणाली, "घेईन. पण तुझ्या ओरडण्यानं नाही. कळ सोसवत नाही म्हणून."

फेब्रुवारीत कॉलेजात कार्यक्रम झाला. मोठ्या शहरातल्या एका संस्थेचं पथक नव्या पाहणीसाठी येणार होतं, आणि त्यांना गावांत ओळख करून देणारे विद्यार्थी हवे होते. बागूल सर समन्वयक. पडद्यावर नकाशा आला, त्यावर ठिपके, एका ठिपक्याशी सागपाडा. पथकाचे प्रमुख गावकऱ्यांच्या अडाणीपणाबद्दल, अफवांबद्दल बोलून थांबले आणि काही प्रश्न आहेत का म्हणाले.

एस्तेर उभी राहिली. "रिपोर्ट कधी देणार?"

"मार्चअखेर सादर करायचा आहे."

"तो नाही. ज्याचं रक्त घ्याल त्याला कधी देणार?"

प्रमुखांनी बागूल सरांकडे पाहिलं. मग म्हणाले, की कल्पना चांगली आहे, पण परत गावोगाव जाऊन प्रत्येकाला सांगायची तरतूद या प्रकल्पात नाही.

"मग रक्त घ्यायचीही नको," एस्तेर म्हणाली. तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. "एकदा नेलंत. आम्ही पोरांचे खांदे दाबून धरले तुमच्यासाठी. वीस वर्षं कुणी फिरकलं नाही, आणि त्या रिकाम्या जागेत भलत्याच माणसानं पुस्तक लिहिलं. ते याच कॉलेजच्या ग्रंथालयात आदिवासी अभ्यास म्हणून ठेवलंय. गावातले लोक अडाणी आहेत, अफवांवर विश्वास ठेवतात, असं मगाशी तुम्ही म्हणालात. त्या अफवेतलं अर्धं तुम्ही खरं करून ठेवलंय. सागपाड्यात यायचं असेल तर निकाल घेऊन परत येणार का, ते आधी सांगा. नाही तर गाडी पाड्यात शिरणार नाही. मी शिरू देणार नाही."

"गावित, बसा खाली," बागूल सर म्हणाले. त्यांनी तिला आडनावानं हाक मारायची ही पहिलीच वेळ. ती बसली नाही, बाहेर गेली. पुढच्या सत्रात तिचे तास निम्मे झाले आणि प्रगती अहवालावर सरांची सही महिनोन् महिने अडकली.

पण त्या पथकात एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी काही दिवसांनी एस्तेरला फोन केला. "तरतूद नाही हे खरंय. निकाल सांगायला मी माझ्या सुट्टीत येईन. चालेल?" एस्तेरनं आधी त्यांच्यावरही संशय घेतला, उलटसुलट विचारलं. मग आईला विचारलं. मंगळीबाईंनी पाड्यातल्या बायांना विचारलं. बाया म्हणाल्या, येऊ दे, पण आली नाही परत तर एस्तेरला धरू.

पथक आलं, रक्त घेतलं गेलं. दानियलनं आधी स्वतःची बाही वर केली, मग छोटीला मांडीवर घेतलं.

आणि एप्रिलच्या एका दुपारी डॉक्टर खरंच परत आल्या, एकट्या, बसनं. दावीदच्या घरात दार लोटून एकेक कुटुंब आत यायचं, डॉक्टर मराठीत सांगायच्या, एस्तेर कोकणीत. दानियलच्या रक्तात काही नव्हतं. छोटी वाहक होती, आजारी नव्हती. तिला आईसारख्या कळा येणार नाहीत, हे एस्तेरनं दोनदा सांगितलं. दानियल बाहेर गेला, हातपंपावर बराच वेळ तोंड धूत राहिला.

शेवटी मंगळीबाई आत आल्या. स्वतःचा निकाल त्यांना माहीत होता. त्यांनी एकच विचारलं, आणि एस्तेरनं ते मराठीत सांगितलं. "आई विचारतेय, तेव्हा पोरांचं रक्त नेलं होतं, ते कुठं गेलं?"

डॉक्टर म्हणाल्या, "मला नक्की माहीत नाही. कदाचित तपासलंही असेल, आकडे कुठं तरी छापले असतील. नळ्या मात्र एवढी वर्षं कुणी ठेवत नाही. फेकून दिल्या असतील."

एस्तेरला ते कोकणीत सांगवेना. पण मंगळीबाईंना तेवढं मराठी कळत होतं.

"फेकलं?" त्या म्हणाल्या.

दाराबाहेर बसलेल्या बायांपर्यंत तो शब्द गेला. कुणीतरी म्हणालं, पुस्तकात तर परदेशात विकलं म्हणून लिहिलंय. कुणी हसलं नाही. मंगळीबाई उठल्या, डॉक्टरांसाठी आणलेला चहा त्यांच्यापुढे ठेवला, कारण पाहुणी होती. आणि मग बाहेर ओसरीवर जाऊन इतक्या मोठ्यानं शिव्या द्यायला लागल्या, की पाड्याच्या पलीकडच्या टोकाची कुत्री भुंकायला लागली. कुणाला देत होत्या, ते कळत नव्हतं. वीस वर्षांपूर्वीच्या गाडीला, गोकुळ पाटलाला, बागूल सरांना, सगळ्यांनाच असाव्यात. दावीदनं तोंड उघडलं, बहुतेक दमानं घे म्हणणार होता, पण बायकोकडे बघून गप्प राहिला.

डॉक्टर घाबरून एस्तेरकडे बघायला लागल्या. "मी काही चुकीचं बोलले का?"

"नाही," एस्तेर म्हणाली. "तुम्ही खरं बोललात. चहा घ्या, गार होतोय."

मग तीही ओसरीवर गेली आणि आईच्या शेजारी उभी राहिली. तिला ओरडायचं होतं, पण आईचं संपत नव्हतं, म्हणून ती नुसती उभी राहिली. सगळ्या पाड्याचे निकाल सांगायला एक दुपार लागली होती. उन्हं अजून उतरलीही नव्हती.